मुदतबाईंची खरी तारीख

आमच्या विद्यापीठात बाराशे माणसं संशोधन करतात असं कागदोपत्री आहे. त्या सगळ्यांना दर सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला एक ईमेल यायची. मथळा वर्षानुवर्षं तोच, ‘या आठवड्यातल्या संधी’. लोक तिला नुसतं सोमवारचं पत्र म्हणायचे. आत तीन भाग असत: कार्यक्रम, प्रशिक्षण आणि निधी. कुठे परिसंवाद आहे, कुठे संख्याशास्त्राची कार्यशाळा आहे, शोधनिबंध कसा लिहावा हे कोण शिकवणार आहे, कोणती संस्था कोणत्या विषयाला पैसे द्यायला तयार आहे. हे पत्र काढणाऱ्या बाई संशोधन कक्षात वरिष्ठ सहाय्यक होत्या. पगारपत्रकावर त्यांचं काय नाव असेल ते असेल, सगळ्या इमारतीत त्या मुदतबाई. मी त्यांना ताई म्हणायचे.

कक्ष म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. दोन टेबलं, तीन कपाटं, कुशीवर थाप मारल्याशिवाय न चालणारा प्रिंटर आणि भिंतीवर दारापेक्षा मोठं एक कॅलेंडर. त्यावर निळ्या पेन्सिलीने कार्यक्रम, हिरव्या पेन्सिलीने प्रशिक्षण आणि लाल पेन्सिलीने निधीच्या मुदती. ताई कुठलीही जाहिरात खालून वर वाचायच्या. आधी शेवटची तारीख, मग ‘कोण अर्ज करू शकतात’ ती ओळ, मग कागदपत्रं आणि विषय सगळ्यात शेवटी. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "विषय काय, कुठलाही असतो. माणसं आपटतात ती तारखेवर."

संशोधक जमातीबद्दल त्यांचं मत काही फार बरं नव्हतं, आणि सव्वीस वर्षं आमच्यात काढल्यावर ते बरं असायचं कारणही नव्हतं. कार्यशाळेला साठ जण नावं द्यायचे आणि अठरा उगवायचे. म्हणून ताई खोली वीस जणांची घ्यायच्या आणि बिस्किटं पंचवीस जणांची, कारण अठरा विद्वान पंचविसांची बिस्किटं खातात हे त्यांनी मोजून पाहिलं होतं. एका महाशयांनी अर्जात जन्मतारखेच्या रकान्यात त्या दिवशीचीच तारीख टाकली होती. ताईंनी त्यांना फोन करून जन्म झाल्याबद्दल अभिनंदन केलं आणि मग रकाना स्वतः दुरुस्त केला. बोलायला अशा फटकळ, पण फोन ठेवला की काम हातावेगळं झालेलं असायचं.

निधीचा कुठलाही अर्ज विद्यापीठातर्फेच पाठवावा लागे. सही, शिक्का आणि मग ताईंच्या संगणकावरून तो रवाना होई. त्यामुळे सोमवारच्या पत्रात ताई जी तारीख देतील तीच आमची तारीख. मूळ जाहिरातीची लिंक खाली दिलेली असायची, पण ती उघडणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. ताईंचं सगळं गुपित या आळसावर उभं होतं.

ते मला कळलं माझ्या पीएचडीच्या पहिल्या वर्षी. मला एका परिषदेला जायचं होतं आणि प्रवासखर्चाचा अर्ज मी एक दिवस उशिरा घेऊन गेले. ताईंच्या टेबलासमोर उभी राहिले आणि मला हुंदकाच फुटला. त्यांनी उठून दार लोटलं.

"गप. नाक पूस आधी. खरी तारीख उद्याची आहे."

"पण पत्रात तर कालची होती."

"पत्रात मी दोन दिवस आधीची देते. सगळ्यांना. कुलगुरूंनासुद्धा. नाहीतर या लोकांचा एक अर्ज वेळेत गेला नसता." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुला सांगितलं कारण तुझं तोंड बघवेना. घरी ह्यांना सोडून आजवर कुणाला बोलले नाही. हे बाहेर गेलं ना, की ते दोन दिवस असून नसल्यासारखे. कळलं?"

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. त्या म्हणाल्या, "शपथा नकोत, फक्त तोंड बंद ठेव."

त्यानंतर मी त्यांच्या खोलीत वरचेवर जाऊ लागले. शुक्रवारी दुपारी सोमवारच्या पत्राची जुळवाजुळव चालायची, तेव्हा मी जाहिराती वाचून दाखवायचे आणि त्या टाईप करायच्या. डब्यातला अर्धा घास माझा असे. दोन-चारदा घरीही नेलं. ताईंचे यजमान, ज्यांना मी काका म्हणायचे, रंगाच्या दुकानात कामाला होते, दुकानाच्या वरच दोन खोल्या. रंगाचे उरलेसुरले डबे काका वर आणायचे, त्यामुळे त्या घराची एक भिंत दुसरीसारखी नव्हती. मुलगी परगावी नर्स. तिची चादर, तिची उशी ताईंनी मला दिली आणि म्हणाल्या, "उशीर झाला की इथेच राहत जा, संकोच करू नकोस." माझी आई गेल्यावर इतक्या सहजपणे मला कुणी काही दिलं नव्हतं.

आता ती गोष्ट सांगते. सांगायला तोंड नाही, तरी सांगते.

माझं चौथं वर्ष चालू होतं. कँटीनमध्ये आम्ही सात-आठ जण बसलो होतो आणि संशोधन संचालक आमच्याच टेबलाशी येऊन टेकले. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. मोठा माणूस, चार मोठे प्रकल्प, पण त्या दिवशी त्यांच्या पाचावर धारण बसली होती. पाचव्या प्रकल्पाची मुदत सोमवारच्या पत्राप्रमाणे दुसऱ्या दिवशी संपत होती आणि त्यांचं अंदाजपत्रक अर्धंच झालं होतं. सर कपाळ पुसत होते. मी चार वर्षं त्यांच्याच संशोधन केंद्रात होते आणि ते मला अजून "तू... कोणाकडे गं?" असं विचारायचे. मला काय झालं कोण जाणे. मी पुढे वाकून म्हणाले, "सर, घाबरू नका. ताईंच्या तारखेत दोन दिवस आत असतात."

टेबलावर एकदम हशा पिकला. सरांचा जीव भांड्यात पडला. "असं होय! म्हणजे बाई आपल्याला इतकी वर्षं गंडवतायत!" म्हणाले, आणि मग त्यांनी माझं नाव विचारलं. दुसऱ्या दिवसापासून ते मला जिन्यात ओळखायला लागले. तेवढ्यावर मी खूश होते. मी काही वाईट केलं असं मला वाटलंही नाही, उलट आठवडाभर मी तो किस्सा रंगवून सांगत होते.

तीन महिन्यांनी, एका शुक्रवारी, मी जाहिराती वाचून दाखवत होते. ताईंच्या शिस्तीप्रमाणे खालून सुरुवात केली. आधी तारीख वाचली. मग ती ओळ: ‘संशोधन कार्यालयांत किमान पंधरा वर्षं काम केलेले कर्मचारी, वय पंचावन्नपर्यंत.’

टाईप करण्याचा आवाज थांबला. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. दुसऱ्या एका मोठ्या विद्यापीठात सहा महिन्यांचं प्रशिक्षण होतं. पगार चालू, राहण्याची सोय आणि परत आल्यावर अधिकारीपद देण्याची अट आमच्या विद्यापीठावर. ताईंना चौपन्न पूर्ण होऊन चार महिने झाले होते. पुढच्या वर्षी त्या या ओळीत बसणार नव्हत्या.

"सव्वीस वर्षं ही ओळ टाईप करतेय," त्या म्हणाल्या. "कोण अर्ज करू शकतात. पीएचडी झालेले, पस्तिशीच्या आतले, अमुक विषयातले, तमुक विषयातले. हजारांनी टाईप केल्या असतील. मी एकीतही नव्हते गं." मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि लगेच माझ्यावरच खेकसल्या, "बघत काय बसलीस, प्रिंट काढ. आणि त्याला थाप मार."

काकांना त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. मी तिथेच होते. काका म्हणाले, "जा की. कुकर मी लावतो."

"तुम्हाला शिट्ट्या मोजता येत नाहीत."

"सहा महिन्यांत शिकेन. ते तुमचं प्रशिक्षण, हे माझं." त्या रात्री जेवताना ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी त्यांना त्याआधी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

अर्जासोबत संचालकांचं शिफारसपत्र हवं होतं, सही-शिक्क्यासह, आणि दुसऱ्या कुणाचं चालणार नव्हतं. बाकीचे कागद ताईंनी तीन दिवसांत जमवले. मग एक दिवस मला बरोबर घेऊन त्या सरांकडे गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कुणाकडे स्वतःसाठी काही मागायला निघाल्या होत्या आणि केबिनबाहेर त्यांनी दोनदा पदर सारखा केला. सर उठून उभे राहिले. "अहो, तुमच्यासाठी नाही लिहायचं तर कुणासाठी? माझे चारही प्रकल्प तुमच्या हातून गेलेत. मी स्वतः लिहितो, मनापासून लिहितो. कधीपर्यंत हवंय?"

"पुढच्या बुधवारी पाच वाजेपर्यंत, सर."

जिना उतरताना मी सहज विचारलं, "ताई, बुधवार म्हणजे खरी तारीख की दोन दिवस आधीची?"

"खरी," ताई म्हणाल्या. "दुसऱ्यासाठी खोटं बोलायला मला काही वाटत नाही. पण स्वतःच्या कामासाठी, तेही उठून उभ्या राहिलेल्या माणसाकडे... नाही जमलं."

मला कँटीन आठवलं, लख्ख आठवलं. त्या वेळी मी जिन्यातच थांबून सांगायला हवं होतं की ताई, सरांना दोन दिवसांचं माहीत आहे, परत वर जा आणि त्यांना सांगून या की हा बुधवार म्हणजे बुधवारच. एवढं एक वाक्य. पण ते बोलायचं तर पुढचाही प्रश्न आला असता, सरांना कुणी सांगितलं. मी मनाची समजूत घातली की सर तीन महिन्यांपूर्वीचा विनोद विसरले असतील, शिवाय ताईंसाठी ते आधीच लिहितील. आम्ही खाली पोचलो आणि मी हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या.

बुधवारी सकाळी दहा वाजेपर्यंत शिफारसपत्र आलं नव्हतं. सर एका तोंडी परीक्षेसाठी बाहेरच्या विद्यापीठात गेले होते आणि त्यांचा फोन बंद. ताईंनी त्यांच्या सचिवांना विचारलं, ड्रायव्हरला विचारलं, ज्या विभागात परीक्षा होती तिथे फोन लावला. तिथला शिपाई म्हणाला, परीक्षा चालू आहे, आत जाता येणार नाही. दुपारी अडीचला पुन्हा फोन करून त्याच्याकरवी त्यांनी चिठ्ठी आत पाठवली. चिठ्ठी सरांनी वाचली, मान डोलावली आणि खिशात ठेवली, असं त्याने मागाहून सांगितलं.

मी ताईंच्या शेजारी बसून होते. बाकी सगळे कागद वेबसाइटवर चढवून झाले होते. शिफारसपत्राची एकच जागा रिकामी होती आणि ती भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. ताई दर पाच मिनिटांनी म्हणत होत्या, "सर विसरणारे नाहीत." पावणेपाचला त्या बोलायच्या थांबल्या. पाच वाजता पडद्यावरचं बटण फिकट झालं. ताईंनी ते तरीही तीन-चारदा दाबून पाहिलं. लोकांना त्या नेहमी म्हणायच्या, गेलेली मुदत दाबून परत येत नाही, कशाला बटणावर राग काढता.

गुरुवारी दुपारी सर स्वतः दुसऱ्या मजल्यावर आले. हातात दोन पानी पत्र, जाड कागदावर. चेहऱ्यावर मोठं काम केल्याचा आनंद. "घ्या बाई! उद्यापर्यंत वेळ होता, एक दिवस आधीच आणलं की नाही?"

ताई उठल्या नाहीत. "सर, मुदत काल होती."

"अहो, काल तुमची मुदत. खरी उद्याची ना? तुमच्या तारखेत दोन दिवस आत असतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे." सर हसले, आणि मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. "म्हणजे... कालची खरी होती?"

"हो."

"अरे, अरे. मग तसं सांगायचं नाही का मला? चिठ्ठी आली तेव्हा मला वाटलं, नेहमीची घाई चाललीय." मग त्या प्रशिक्षणाच्या संचालकांना आपण ओळखतो, शब्द टाकून बघतो, असं म्हणून ते गेले. त्यांनी शब्द टाकला की नाही मला माहीत नाही. तिकडून नियमावर बोट ठेवून दोन ओळींचं उत्तर आलं.

मी कपाटापाशी स्टेपलर हातात धरून उभी होते. ताईंनी ते शिफारसपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, या वेळी वरून खाली. "छान लिहिलंय," म्हणाल्या. फाईलमध्ये लावलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मला वाटलं, सुटले. पुढच्या मंगळवारी माझी शिष्यवृत्तीची मुलाखत होती. ती होऊ दे, मग सांगते, असं मी ठरवलं. मुलाखत झाली, शिष्यवृत्ती मिळाली, आणि मग सांगायची वेळ निघून गेली असं मी ठरवलं. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला ठरवायला काय लागतं?

त्यानंतर सोमवारच्या पत्रात तारखा बदलल्या. प्रत्येक तारखेपुढे ताई लिहायच्या, ‘ही तारीख खरी आहे.’ कुणी विश्वास ठेवला नाही. दोन महिन्यांत नऊ अर्ज हुकले, त्यातला एक सरांचा. मग काय गहजब! बैठक बोलावली गेली. बैठकीत ठरलं की संशोधकांच्या हितासाठी पूर्वीप्रमाणेच दोन दिवस आधीची तारीख द्यावी. ताई म्हणाल्या, "खोटं बोलायचा आदेश मला लेखी द्या." तसा कागद काढायला कुणी धजेना, म्हणून एक समिती नेमली गेली. ती समिती अजून आहे म्हणतात.

ताई माझ्याशी वागायच्या तशाच वागत राहिल्या, असं मला वाटत होतं. डब्यातलं अर्धं अजूनही पुढे करायच्या. फक्त घरी ये म्हणणं बंद झालं. मी तेव्हा त्याचं खापर त्यांच्या वयावर फोडलं. पुढे मला त्याच विद्यापीठात नोकरी लागली. ताईंना मात्र पद मिळालं नाही, वर्षभराने गुडघे दुखायला लागले आणि त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

निरोपसमारंभाला सर बोलले, भरभरून बोलले. "या बाईंच्या हातून एकही मुदत कधी चुकली नाही," असंही म्हणाले आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. मी पहिल्या रांगेत होते. ताई समोर बघत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, याच्यापेक्षा त्या माणसाने त्यांच्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. आणि मग वाटलं की त्या माणसाला बोलायचा अधिकार मला तरी कुठून.

समारंभ संपल्यावर मी दुसऱ्या मजल्यावर गेले. ताई नव्या मुलीसाठी एका कागदावर सगळे पासवर्ड लिहून ठेवत होत्या. मी दारातच बोलले, आत गेले असते तर धीर झाला नसता.

"ताई, सरांना दोन दिवसांचं मी सांगितलं होतं."

त्यांचं पेन चालूच राहिलं. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच गुरुवारी. मी दोघांनाच सांगितलं होतं, ह्यांना आणि तुला. हे विद्यापीठाची पायरी कधी चढले नाहीत."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मंगळवारी तुझी मुलाखत होती. बोलले असते तर तू रडत बसली असतीस आणि तिथे जाऊन माती खाल्ली असतीस. माझं गेलं होतं, तुझं कशाला घालवायचं?"

मी भिंतीला टेकून रडायला लागले.

"रडू नकोस, मला चीड येते," ताई म्हणाल्या, आणि आता त्यांनी पेन ठेवलं. "सरांचा मला राग नाही. ते तसेच आहेत. तू त्यांच्यापाशी बडबडलीस, तेही मी सोडून दिलं असतं, पोरवय होतं तुझं. पण जिन्यात तू मला विचारलंस, खरी की आधीची, आणि मी खरी म्हटल्यावर गप्प बसलीस. तुला तिथे कळलं होतं. त्यानंतर आठवडा होता गं माझ्या हातात."

"माफ करा म्हणायचीसुद्धा माझी लायकी नाही, ताई."

"दीड वर्ष मी वाट बघितली. आज येऊन सांगेल, उद्या सांगेल. डबा उघडला की वाटायचं, आता बोलेल." त्यांनी कागद उचलून त्याची नीट घडी केली. "तूही त्यांच्यातलीच निघालीस. शेवटच्या दिवशी आलीस."